पित्त, ताप आणि कान : एकाच केसपेपरवर

2011 च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 13 लाख भरली. या पुस्तिकेत ज्या आजारांविषयी लिहिलं आहे, त्यांतला सर्वांत जास्त अभ्यास झालेला आजार पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींप्रमाणे दहा लाखांत एखाद-दोघांना होतो. तोच हिशेब इथे लावला तर अख्ख्या जिल्ह्यात एखादा, फार तर दोन-तीन रुग्ण निघतील. एका माणसासाठी एवढी पुस्तिका कशाला, असं मला विचारलं गेलं आहे. माझं उत्तर असं की तो माणूस आजही कुठल्या तरी ओपीडीच्या रांगेत बसलेला असू शकतो, आणि त्याच्या तीन तक्रारी तीन ठिकाणी लिहिल्या जात असतात. अंगावर उठणारं पित्त त्वचारोग विभागात, ताप आणि सांधे मेडिसिनमध्ये, आणि कमी ऐकू येणं कान-नाक-घशात. हे तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तर आजाराचं नाव पुढे येतं. वेगवेगळे वाचले, तर वर्षं जातात. शिवाय हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो. त्यामुळे एकजण सापडला की त्याची आई, भाऊ, मुलगीही सापडू शकते. मग हिशेब एकाचा राहत नाही.

वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेत राहणाऱ्याला डॉक्टर लांब आहेत असं म्हणता येणार नाही. एकीकडे सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दुसरीकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय 1969 चं, देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखलं जाणारं. वर्ध्याच्या आठ-दहा किलोमीटरच्या परिघात इतकी वैद्यकीय विद्या एकवटलेली आहे, की महाराष्ट्रातल्या पुष्कळ जिल्ह्यांना हेवा वाटावा. इथल्या रुग्णाला पार करावं लागतं ते अंतर रस्त्यावरचं नाही. ते एका विभागापासून दुसऱ्या विभागापर्यंतचं आहे, आणि ते जगभरच्या मोठ्या रुग्णालयांत असतं. कान तपासणारा अंगावरच्या चट्ट्यांबद्दल विचारत नाही, चट्टे पाहणारा कानाबद्दल विचारत नाही. रुग्ण तरी आपणहून कसा सांगणार? त्याच्या दृष्टीने पित्त लहानपणापासूनचं आहे आणि ऐकू कमी येणं अलीकडचं. या दोहोंचा संबंध असेल, हे त्याच्या मनातही येत नाही.

हा संबंध पहिल्यांदा मांडला गेला 1962 मध्ये. मकल आणि वेल्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी डर्बीशायरमधल्या एका कुटुंबाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या घरात पिढ्यान् पिढ्या काही जणांच्या अंगावर पित्तासारखे चट्टे उठत, थंडी वाजून ताप येई, सांधे दुखत. तरुणपणी ऐकणं कमी होऊ लागे. पुढे त्यांतल्या काहींची मूत्रपिंडं निकामी होत, कारण अमायलॉईड नावाचं प्रथिन त्यांत साचत जाई. पित्त, बहिरेपणा आणि मूत्रपिंड ही एकाच आजाराची तीन टोकं आहेत, हे त्या दोघांनी ओळखलं, आणि तेही जनुकतपासणीचं नाव नसलेल्या काळात. घरातल्या माणसांना विचारून, वंशावळ मांडून आणि मृतांच्या अवयवांची तपासणी करून त्यांनी हे जुळवलं. आज हा आजार मकल-वेल्स सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती वंशावळ. तिला मशीन लागत नाही, कागद आणि वेळ लागतो.

पुढची चाळीस वर्षं कारण कळलं नाही. 2001 मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचा दोष शोधून काढला. त्या जनुकाला आज एनएलआरपी-3 म्हणतात. नुसत्या गारव्याने पित्त आणि ताप येणारी एक सौम्य कौटुंबिक व्याधी आणि मकल-वेल्स या दोन्ही त्याच जनुकातल्या बिघाडातून येतात, हेही तेव्हाच दिसलं. पाठोपाठ कळलं की जन्मापासून होणारा, मेंदूच्या आवरणांना आणि सांध्यांना ग्रासणारा तिसरा, उग्र प्रकारही त्याच घरचा. तिघांना मिळून आता क्रायोपायरिनशी, म्हणजे त्या जनुकातून बनणाऱ्या प्रथिनाशी, निगडित आजार म्हणतात. दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणून प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. काहींच्या बाबतीत मात्र दोष गर्भधारणेनंतर, शरीरातल्या काही पेशींमध्येच निर्माण होतो. अशांना आजार चाळिशी-पन्नाशीतही सुरू होऊ शकतो आणि घरात दुसरं कोणी आजारी नसतं. ‘आमच्यात कोणाला नाही’ एवढ्यावरून डॉक्टरांनी शंका सोडून देऊ नये.

अशा आजारांसाठी ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ हा शब्द 1999 मध्ये रूढ झाला. ल्युपस किंवा संधिवातासारख्या ‘ऑटोइम्यून’ आजारांत शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं. इथे तसं नसतं. इथे बिघडते ती शरीराची जन्मजात, सर्वांत जुनी संरक्षणव्यवस्था. शेतातल्या माचाणावर बसलेल्या जागल्याने रानडुकराच्या चाहुलीला आरोळी ठोकायची असते. हा जागल्या वाऱ्याच्या झुळकीलाही ठोकतो, आणि गाव दर वेळी काठ्या घेऊन धावतं. ती आरोळी म्हणजे इंटरल्युकिन-1 हे रसायन. शत्रू नसताना ते रक्तात सुटतं आणि ताप, चट्टे, लाल डोळे, सांधेदुखी घेऊन येतं. म्हणूनच आरए फॅक्टर, एएनए या नेहमीच्या तपासण्या सहसा निगेटिव्ह येतात. दाह मोजणारे सीआरपी आणि ईएसआर मात्र चढलेले असतात, आणि कारण सापडत नाही.

वैदर्भीय वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. ‘गारव्याने चाळवणारा आजार’ असं वाचलं की आपण म्हणू, ही युरोपातली भानगड, आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. पण मे महिन्यात आपण काय करतो? खिडकीला डेझर्ट कूलर लावतो, वाळ्याच्या ताट्या भिजवतो आणि रात्रभर ओली हवा अंगावर घेतो. अशी दमट, वाहती, गार हवा या आजाराला चाळवायला पुरेशी असते. चट्टे लगेच उठत नाहीत, तासा-दोन तासांनी उठतात. म्हणून कूलरवर संशय जात नाही, रात्रीच्या जेवणावर जातो. सकाळी आमसुलाचं पाणी लावलं जातं, सेटिरिझिनची गोळी घेतली जाते. साधं पित्त त्याने बसतं, हे बसत नाही. ते खाजण्यापेक्षा जळजळतं जास्त, आणि दिवसभरात आपोआप ओसरतं. यात डॉक्टरांनाही चकवा बसू शकतो. थंडीचं पित्त पाहण्यासाठी हातावर बर्फाचा खडा ठेवून बघण्याची पद्धत आहे. या आजारात ती चाचणी निगेटिव्ह येते, कारण इथे अंगाच्या एका ठिकाणी गार लागून भागत नाही, सगळं अंग गारठावं लागतं.

आता कानाकडे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. बारीक, चिरके आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी, आणि घुमणारे जाड आवाज टिपणाऱ्या पेशी आत टोकाशी. गेलेली केशपेशी माणसात परत उगवत नाही. मकल-वेल्समध्ये नुकसानीची सुरुवात बारीक आवाजांच्या बाजूने होते. कानाचं नुकसान का होतं, हे 2017 च्या एका संशोधनाने अधिक स्पष्ट केलं : कॉक्लियातच दाहपेशी मुक्काम करून असतात, आणि त्या तिथल्या तिथे इंटरल्युकिन-1 सोडू शकतात. त्या संशोधनात अशीही कुटुंबं होती जिथे एनएलआरपी-3 चा दोष प्रामुख्याने कानातच दिसत होता. अंगावर चट्टे नाहीत, नीट ताप नाही, फक्त कमी होत जाणारं ऐकणं. कानांचा एमआरआय विशिष्ट पद्धतीने काढला तर काहींच्या कॉक्लियात दाह दिसूनही येतो. म्हणजे कान हा या आजाराचा दूरचा बळी नाही, आजाराचं एक ठाणंच तिथे आहे.

रुग्णाला हे कसं जाणवतं? बहुतेकदा जाणवतच नाही. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, काय बोलतोय ते लागत नाही. स्वर जाड पट्टीत असतात, म्हणून आ, ओ, ऊ शाबूत राहतात. स, श, ख, ठ, फ यांचे उच्चार वरच्या पट्टीत जातात, ते आधी गळतात. ‘सहा वाजता ये’ यातला स गेला की मेंदू रिकामी जागा भरतो आणि माणूस दहाला पोचतो. घरचे म्हणतात, याचं लक्षच नसतं. शांत खोलीत समोरासमोर सगळं ठीक चालतं, पण लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, कूलरच्या घरघरीत तो एकटा पडतो. पावसाळ्यात रातकिडे ऐकू येईनासे झाले, हे तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

तपासणी साधी आहे आणि दुखत नाही. ज्यांनी ती केली नाही त्यांच्यासाठी सांगते. आवाजबंद छोट्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. सूर ऐकू आला, कितीही पुसट असला तरी, की बटण दाबायचं. 250 हर्ट्झपासून 8000 पर्यंत एकेक पट्टी, आधी एक कान मग दुसरा. उजव्या कानाची नोंद लाल गोळ्याने, डाव्याची निळ्या फुलीने. निरोगी कानाच्या खुणा आलेखाच्या वरच्या भागात आडव्या चालतात. या आजाराच्या सुरुवातीला त्या 4000 पर्यंत ठीक चालतात आणि मग उजवीकडे एकदम उतरणीला लागतात, दोन्ही कानांत बहुधा सारख्याच. गोंगाटात काम करणाऱ्याच्या आलेखात सहसा 4000 पाशी खड्डा पडून 8000 ला रेघ पुन्हा वर येते. म्हातारपणी उतार येतो, पण तो म्हातारपणी येतो. पंचविशीतल्या माणसाच्या कागदावर असा उतार दिसला, आणि तो जिनिंगमध्ये किंवा डीजेवर काम करत नसेल, तर तपासणाऱ्याने तिथे थांबून चारच प्रश्न विचारावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे : अंगावर चट्टे येतात का, कारणाशिवाय ताप येतो का, डोळे लाल होतात का, घरात अजून कोणाला कमी ऐकू येतं का.

पाचवा प्रश्न औषधांचा. वारंवार ताप आला की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा, आणि तो रास्तच असतो. पण क्षयावर आणि इतर जंतुसंसर्गांवर दिल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन या इंजेक्शनांनी कानांच्या त्याच केशपेशी मरू शकतात, आणि त्याही बारीक आवाजांच्याच बाजूने. मग नुकसान तापाच्या आजाराने झालं की तापावरच्या इंजेक्शनाने, हे पुढे उलगडत नाही. जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या असतील तरच उलगडतं.

आपली सरकारी व्यवस्था लहान मुलांच्या कानांबाबत जागी झाली आहे, हे मान्य करायला हवं. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2007 च्या सुमारास उभा राहिला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात तर 2013 मध्ये आपल्याच पालघरातून झाली, आणि त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अडचण अशी की मकल-वेल्समधलं ऐकणं बहुधा दहावी-बारावीच्या वयात ढासळू लागतं आणि विशी-तिशीत घसरण स्पष्ट होते. म्हणजे शाळेतली तपासणी संपता संपता आजार कानात शिरतो. पुढे साठीनंतर कोणी कानाचं मशीन सुचवेपर्यंत मधल्या चाळीस वर्षांत या माणसाचे कान तपासण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीवर 60 डेसिबलचा ऱ्हास झाल्यावर ‘कमी ऐकू येणारा’ ही व्याख्या लागू करतो. फक्त वरच्या पट्ट्या गेलेला तरुण त्या व्याख्येत बसत नाही. नोकरीच्या मुलाखतीत मात्र त्याला स आणि ठ लागत नाहीत ते नाहीतच. ही व्याख्या बदलायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं सांगण्याचं कारण, या आजारावर उपचार आहे. इंटरल्युकिन-1 ला अडवणारं अनाकिन्रा हे औषध 2001 मध्ये अमेरिकेत संधिवातासाठी मंजूर झालं होतं. 2003 मध्ये लंडनच्या हॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी ते मकल-वेल्सच्या रुग्णांना दिलं, आणि जन्मभराचे चट्टे-ताप काही तासांत थांबले. 2006 मध्ये एकेका रुग्णाचे अहवाल आले, ज्यांत उपचारांनंतर ऐकणंही सुधारलं होतं. पुढे रिलोनासेप्ट 2008 मध्ये आणि कॅनाकिन्युमॅब 2009 मध्ये मंजूर झालं. यांतलं शेवटचं साधारण आठ आठवड्यांतून एकदा घ्यावं लागतं, अनाकिन्रा रोज. कानाच्या बाबतीत अपेक्षा नेमकी ठेवावी. लवकर सुरू केलं तर घसरण पुष्कळांत थांबते, काहींत ऐकणं थोडं परतही येतं. केशपेशी मेल्यानंतर सुरू केलं तर कान परत मिळत नाही, पण मूत्रपिंड वाचू शकतं. उपचार न मिळालेल्या मकल-वेल्सच्या रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला अमायलॉईडचा धोका सांगितला जातो. ऐकू पूर्ण गेलेल्यांना कॉक्लिअर इम्प्लांटचा चांगला उपयोग झाल्याचे अहवाल आहेत.

ही औषधं आपल्याकडे सहजासहजी मिळत नाहीत आणि त्यांची किंमत नोकरदार घरालाही पेलण्यासारखी नाही. हे लपवून लिहिणं मला जमणार नाही. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार यादीतल्या आजारांसाठी ठरलेल्या उत्कृष्टता केंद्रांतून 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम हे त्यांतलं एक केंद्र. यादी वेळोवेळी वाढते, म्हणून आपला आजार तीत आहे का हे तिथेच लेखी विचारावं. आणि औषध आज परवडत नसलं तरी निदान वाया जात नाही. दर सहा महिन्यांनी लघवीतलं प्रथिन पाहणं, कान तपासणं, अंग गारठू न देणं, कानाला घातक इंजेक्शनं टाळणं, लहान बहिणीची वेळेत तपासणी करणं, हे सगळं निदानानंतरच शक्य होतं.

या कुळातल्या सगळ्याच आजारांची औषधं दुर्मीळ नाहीत. 2014 मध्ये अमेरिका आणि इस्रायलमधल्या दोन गटांनी एडीए-2 या विकराच्या कमतरतेचा आजार ओळखला. त्यात तरुणपणी, कधी बालपणीच, पक्षाघात होतो, कातडीवर जाळीदार निळसर नक्षी दिसते आणि काहींचं ऐकणं जातं. इथे दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. दोघंही स्वतः निरोगी असतात. नात्यात किंवा एकाच छोट्या समाजात लग्नं होत आली असतील तर शक्यता वाढते. भारतातल्या 33 रुग्णांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हा आजार परका नाही हे पक्कं झालं. त्यावर चालतात ती टीएनएफ या दाह घडवणाऱ्या रसायनाला अडवणारी औषधं, आणि त्यांतल्या अडालिमुमॅबची देशी आवृत्ती झायडस कंपनीने नेमकी 2014 मध्येच बाजारात आणली होती. ती सुरू करण्याआधी मात्र क्षयाची तपासणी करावीच लागते.

विदर्भातल्या माणसाला रक्तातून येणारा आजार समजावून सांगणं तसं कठीण नाही. सिकलसेलमुळे आपल्या गावागावांत आशाताईंना वंशावळ मांडता येते, ‘वाहक’ आणि ‘पीडित’ यांतला फरक सांगता येतो. सिकलसेलच्या रुग्णांतही प्रौढपणी ऐकणं कमी होऊ शकतं, आणि त्यांचेही कान फारसे तपासले जात नाहीत. तेव्हा ही पुस्तिका वाचून कोणी सिकलसेलच्या रुग्णाचा ऑडिओग्राम काढून घेतला, तरी मला ती कारणी लागल्यासारखं वाटेल.

कठीण आहे ते लपवणं सोडायला लावणं. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली, ती घरांनी माणसं लपवण्याच्या आणि बाहेर काढण्याच्या काळात. तो आजार रक्ताने येत नव्हता, तरी सोयरिकी मोडत होत्या. हा तर रक्तानेच येतो. मुलीचं लग्न ठरेपर्यंत कानाचं मशीन पर्समध्ये राहतं, चट्टे बाहीखाली राहतात, आणि आजोबा कशाने गेले हे विचारलं तर ‘वयाने’ असं उत्तर मिळतं, मग आजोबा पंचेचाळिशीत का गेलेले असेनात. मी कोणाला दोष देत नाही. लग्नाच्या बाजारात खरं बोलल्याची किंमत मुलीच मोजतात, हे मला दिसतं. पण वंशावळीतली एक खोटी नोंद पुढच्या पिढीचे कान आणि मूत्रपिंडं घेऊन जाऊ शकते. म्हणून या पुस्तिकेतले सगळे तक्ते नावांशिवाय भरता येतील असे केले आहेत. नात्याचं चिन्ह पुरतं.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचण्याची गरज नाही. ज्याला ऑडिओग्रामचा कागद हातात मिळाला आहे त्याने दुसरं प्रकरण आधी वाचावं. आशाताई आणि गावातल्या डॉक्टरांसाठी चौथं आहे. मशीन, त्याची बॅटरी, फोनवर बोलण्याच्या युक्त्या आणि घरच्यांनी कसं बोलावं हे सहाव्यात आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत उपयोगाचं. ओरडू नका, तोंड दिसेल असं बसा, बोलताना कूलर बंद करा, एवढ्यानेच घरातली निम्मी भांडणं मिटतात.

शेवटचं पान कोरं आहे. त्यावर तीन पिढ्यांची माणसं मांडायची, आणि प्रत्येकापुढे पित्त, ताप, कान, लघवी-मूत्रपिंड या चार रकान्यांत हो किंवा नाही लिहायचं. ज्याच्याबद्दल माहीत नाही तिथे रकाना मोकळा सोडावा, अंदाजाने भरू नये. घरातल्या वयस्कर बाईला विचारा, तिला सगळं आठवतं. भरलेलं पान मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा आणि ऑडिओग्रामची झेरॉक्स त्याला जोडा. मूळ आलेख स्वतःजवळ ठेवा, कारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाल्यावर तुलना त्याच्याशीच करायची आहे.